चिकुनगुन्याचे पुनरागमन : कामठी परिसरातील गावांनी घ्यावयाची दक्षता

खरीप हंगामात शेतकऱ्याचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे त्याच्या कुटुंबाचे धडधाकट हातपाय होत. बियाणे वेळेवर मिळाले, खत पडले, पाऊसही मनाजोगा झाला, तरी धानाच्या रोवणीच्या किंवा सोयाबीनच्या सोंगणीच्या आठवड्यात घरातील माणसे अंथरुणास खिळली, तर हंगामाचे नुकसान भरून निघत नाही. चिकुनगुन्या हा नेमका अशा वेळी गाठणारा रोग आहे. तो जीव क्वचितच घेतो, परंतु मनगटे, बोटे, गुडघे व घोटे असे धरतो की, ताप उतरल्यावरही अनेकांना कित्येक आठवडे, काहींना कित्येक महिने, विळा मुठीत नीट धरता येत नाही. ज्या कुटुंबाची उपजीविका रोजच्या मजुरीवर आहे त्यास ही आपत्ती पीक बुडण्याहून कमी नाही.

या रोगाचा डास शेतात वाढत नाही, घरात साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे त्याचा बंदोबस्त करणे सर्वस्वी गावकऱ्यांच्या हाती आहे. हा बंदोबस्त साथ सुरू झाल्यावर करावयाचा नसून साथ नसलेल्या वर्षी करावयाचा आहे. ही गोष्ट का महत्त्वाची आहे, हे या रोगाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

रोगाचा पूर्वेतिहास

इ. स. १९५२ मध्ये आफ्रिकेतील टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानिया देशाच्या दक्षिण भागातील मकोंडे पठारावर या तापाची मोठी साथ आली व पुढील वर्षी त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला. ‘चिकुनगुन्या’ हा शब्द तेथील मकोंडे भाषेतील असून, सांध्यांच्या वेदनेने माणूस वाकतो, वाकडातिकडा होतो, असा त्याचा आशय आहे. आपल्या देशात हा रोग १९६३ मध्ये कलकत्ता येथे प्रथम ओळखला गेला. १९६४ मध्ये मद्रास, वेल्लोर व पाँडिचेरी या शहरांत आणि १९६५ मध्ये विशाखापट्टणम, राजमहेंद्री, काकीनाडा व नागपूर येथे त्याचा प्रादुर्भाव झाला.

नागपूरच्या साथीचा अभ्यास पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केला. १९५२ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. त्याच १९६५ सालच्या तपासात तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक अगदी नवा विषाणू सापडला व त्यास नागपूरजवळच्या ठिकाणावरून ‘चांदीपुरा’ असे नाव मिळाले. तो डासांमुळे नव्हे, तर मुख्यत्वे वाळूमाशीमुळे पसरतो. म्हणजे या भागाचा व विषाणूजन्य तापांचा संबंध कालपरवाचा नाही. आज कामठी तालुक्यात ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे, त्यांच्या बालपणीच हा रोग कामठीपासून अवघ्या १५-१६ किलोमीटरवर येऊन गेला होता.

यानंतर १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे मोठी साथ आली. तेथून पुढे मात्र हा रोग जणू नाहीसा झाला. सुमारे ३२ वर्षे देशात त्याची मोठी साथ नोंदली गेली नाही. डॉक्टरांच्या एका पिढीने त्याचा रुग्ण पाहिला नाही आणि गावकऱ्यांना त्याचे नावही आठवेना.

बत्तीस वर्षांनी रोग परतला

या शांततेच्या काळात तीन गोष्टी घडत होत्या. पहिली अशी की, पूर्वीच्या साथींत ज्यांना रोग होऊन गेला होता, त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती होती; परंतु नंतर जन्मलेल्या कोट्यवधी लोकांजवळ ती नव्हती. दुसरी अशी की, पूर्वी प्रामुख्याने शहरात आढळणारा रोगवाहक डास नळाचे पाणी, प्लॅस्टिकची पिंपे, टायर व मोटारींची वाहतूक यांच्याबरोबर खेड्यांत स्थिरावला. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. १९६३ ते १९७३ या काळातील साथी आशियाई कुळाच्या विषाणूमुळे झाल्या होत्या. परंतु २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या डासांत जो विषाणू मिळाला, तो आफ्रिकी कुळाचा असल्याचे पुढील तपासात दिसून आले. याचा अर्थ, कोणतीही मोठी साथ नसताना रोगाचे बीज महाराष्ट्रात येऊन पोचले होते.

२००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर साथ उद्‌भवली व २००५ मध्ये ती हिंदी महासागरातील कोमोरोस, मॉरिशस व रियुनियन या बेटांवर पसरली. रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश लोकांना हा रोग झाला. २००५ च्या अखेरीपासून आंध्र प्रदेश, कर्नाटक व महाराष्ट्र येथून रुग्णांच्या वार्ता येऊ लागल्या आणि २००६ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी साडेसात लाखांवर कर्नाटकात व अडीच लाखांवर महाराष्ट्रात होते. या साथीचा विषाणू आफ्रिकी कुळाचा होता.

भारतातून हा रोग पुढे किती सहज गेला, याचेही उदाहरण आहे. २००७ मध्ये केरळला जाऊन आलेल्या एका प्रवाशामुळे इटलीच्या ईशान्य भागातील एका खेड्यात तो पोचला व तेथे आणि आसपास २०० हून अधिक लोक आजारी पडले. अंगावर पांढरे पट्टे असलेला, या डासाचाच भाऊबंद तेथे आधीच येऊन राहिलेला होता. डास गावात हजर असेल, तर रोग यावयास एक आजारी प्रवासी पुरतो, हा धडा त्यावरून घ्यावयाचा आहे.

२००६ नंतर रोग पूर्णपणे गेला नाही. काही वर्षे तो मंदावतो व पुन्हा उसळतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे व नागपूर या दोन्ही शहरांत त्याने पुन्हा जोर धरला. हिवतापाच्या बाबतीत देशाने हाच अनुभव घेतला आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या निर्मूलन कार्यक्रमामुळे १९६५ पर्यंत हिवतापाचे रुग्ण सुमारे १ लाखापर्यंत खाली आले. पुढे कामात ढिलाई झाली आणि १९७६ मध्ये ही संख्या ६४ लाखांवर गेली. तण दिसेनासे झाले म्हणून निंदण थांबविणाऱ्या शेतकऱ्याची जी गत होते, तीच गत येथे झाली.

डासाची राहणी

चिकुनगुन्या पसरविणाऱ्या डासाचे नाव एडिस इजिप्ती असे आहे. रंगाने काळा व पायांवर आणि अंगावर पांढरे पट्टे असल्याने तो डोळ्यांनी ओळखता येतो. हाच डास डेंग्यूही पसरवितो. त्याच्या राहणीविषयी पुढील बाबी शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्याव्यात.

हा डास दिवसा चावतो. विशेषतः सकाळच्या वेळी व सूर्यास्तापूर्वी. म्हणून केवळ रात्री मच्छरदाणी लावल्याने त्याच्यापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही. तो फार दूर उडत नाही. ज्या घरात जन्मतो, त्या घराच्या व शेजारच्या चार-दोन घरांच्या परिसरातच बहुधा त्याचे आयुष्य जाते. यावरून उघड होते की, एखाद्या आळीत रोगी निघाले, तर डासांचे उत्पत्तिस्थान त्याच आळीत शोधावयास हवे.

मादी एका वेळी १०० च्या आसपास अंडी घालते. ती पाण्याच्या मध्यभागी न घालता भांड्याच्या आतील बाजूस, पाण्याच्या रेषेलगत चिकटविते. अंड्यातून अळी, अळीपासून कोष व कोषातून डास, ही वाटचाल उन्हाळ-पावसाळ्याच्या उबेत ७ ते १० दिवसांत पुरी होते. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी काढून टाकल्यास डास जन्मास येण्यापूर्वीच त्याचा नाश होतो. मात्र केवळ पाणी ओतून दिल्याने काम भागत नाही. भिंतीस चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात व पुन्हा पाणी मिळताच फुटतात. गाजरगवताचे बी जमिनीत दबा धरून बसते, तसाच हा प्रकार आहे. यास्तव भांडे आतून घासून काढणे अत्यावश्यक आहे.

येथे एक मोठा गैरसमज दूर करणे इष्ट होईल. डास म्हणजे गटार, डबके व धानाची बांधी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गटारातील व बांधीतील डास वेगळ्या जातींचे असतात. बांधीत वाढणाऱ्या काही जाती जपानी मेंदूज्वरासारखे रोग पसरवितात, त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. परंतु चिकुनगुन्याचा डास मात्र घरातील व अंगणातील स्वच्छ, साचलेले पाणीच पसंत करतो. नाली उपसली पण रांजण तसाच राहिला, तर रोग थांबत नाही.

कामठी परिसराची परिस्थिती

कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये लष्करी छावणी म्हणून वसलेले कामठी हे दाट वस्तीचे गाव आहे. विणकर व विडी कामगार यांची जुनी वस्ती, छावणी, बाजार आणि रेल्वे स्थानक यांमुळे तेथे माणसांची सतत ये-जा असते. येरखेडा, रनाळा, भिलगाव यांसारख्या शहरालगतच्या गावांतून अनेक लोक दररोज नागपूरला कामास जातात. कोराडीच्या वीज केंद्राच्या परिसरातही दूरदूरचे कामगार राहतात. सोंगणी व कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरांच्या टोळ्या एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. डास स्वतः लांबचा प्रवास करीत नसला, तरी तापाची सुरुवात झालेला माणूस बसने किंवा रेल्वेने सकाळी नागपुराहून निघून दुपारी गावी पोचतो. त्याला तेथील डास चावतो, आणि काही दिवसांनी तो डास शेजाऱ्यास चावला की गावात साखळी सुरू होते.

या भागात डासास जागाही भरपूर मिळते. नळाचे पाणी ठरावीक वेळी येते, त्यामुळे हौद, सिमेंटची टाकी व प्लॅस्टिकची पिंपे भरून ठेवावी लागतात. नागपूरकडच्या कडक उन्हाळ्यामुळे घरोघरी कूलर असतो, व पहिला पाऊस पडल्यावर तो टाकीतील पाण्यासकट कोपऱ्यात तसाच उभा राहतो. गोठ्यात जनावरांच्या पाण्याची नांद असते. शेतावर फवारणीसाठी भरून ठेवलेले पिंप, ट्रॅक्टरचे जुने टायर, छपरावर वजन म्हणून टाकलेले टायर, ताडपत्रीच्या घडीत साचलेले पाणी, कोंबड्यांचे पाण्याचे भांडे, तुळशीच्या कुंडीखालची थाळी, नारळाच्या करवंट्या, इतकी उत्पत्तिस्थाने एका शेतकऱ्याच्या घरात सहज निघतात. पेंचच्या कालव्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या अंगणात फेरी मारणे अधिक उपयोगाचे आहे.

आठवड्यातील एक कोरडा दिवस

शेतकरी दर आठवड्यास कपाशीची पाहणी करून किडीचे प्रमाण पाहतो. घराच्या बाबतीतही हीच शिस्त लावावयाची आहे. सर्व गावाने मिळून एक वार ठरवावा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशीचा वार लक्षात ठेवण्यास सोपा जातो. त्या दिवशी पुढील कामे करावीत.

१. पिण्याच्या व वापरावयाच्या पाण्याची सर्व भांडी, माठ, रांजण व पिंपे रिकामी करून आतून काथ्याने किंवा ब्रशने घासावीत, कोरडी होऊ द्यावीत व मगच भरावीत. भरल्यानंतर घट्ट झाकण किंवा जाड कापड बांधावे.

२. जनावरांची नांद व कोंबड्यांची भांडी घासून नवे पाणी भरावे.

३. कूलर चालू असेतोवर त्याची टाकी आठवड्यास एकदा घासावी. उन्हाळा संपताच टाकी कोरडी करावी व जुने गवत काढून नष्ट करावे. त्यावर अंडी राहण्याचा संभव असतो.

४. टायर, फुटके डबे, करवंट्या व निरुपयोगी प्लॅस्टिक पावसात पडू देऊ नये. टायर ठेवणे आवश्यकच असेल तर छपराखाली ठेवावेत.

५. जे मोठे हौद किंवा टाक्या रिकाम्या करता येत नाहीत, त्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांकडून गप्पी मासे सोडून घ्यावेत किंवा अळीनाशक औषध टाकून घ्यावे. गप्पी मासे नदी-नाल्यांत व मोठ्या तलावांत सोडू नयेत. तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.

अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम आहे. परंतु ते एका घराने करून भागत नाही. एखाद्याने शेतात कापसाची फरदड ठेवली, तर गुलाबी बोंडअळी शेजाऱ्याच्याही पिकात शिरते. तद्वतच एका घराची उघडी टाकी साऱ्या आळीस आजारी पाडू शकते. सबब हे काम गावाचे आहे असे समजूनच करावे.

पिकाची औषधे घरात नकोत

डासांच्या त्रासाने कंटाळून कोणी पिकावर फवारावयाचे कीटकनाशक घरात मारतात किंवा टाकीत टाकतात. हे अत्यंत घातक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, हे विसरता कामा नये. उघड्या शेतात ज्या औषधाने माणूस दगावतो, ते बंद खोलीत व पिण्याच्या पाण्यात किती अपाय करील याची कल्पना करावी. औषधांचे रिकामे डबे धुऊन पाणी साठविण्यासाठी वापरणेही तितकेच धोक्याचे आहे. पाण्यात टाकावयाचे अळीनाशक कोणते व किती, हे केवळ आरोग्य विभागाच्या कर्मचाऱ्यांनीच ठरवावे.

रोगी आढळल्यास

डास चावल्यापासून साधारणतः ४ ते ८ दिवसांनी एकाएकी जोराचा ताप येतो व सांधे दुखू लागतात. डोकेदुखी, अंगदुखी व अंगावर पुरळ ही लक्षणेही आढळतात. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्ताची तपासणी करावी. या रोगावर विषाणूस मारणारे खास औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी व पातळ पदार्थ, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल यांवर उपचाराची भिस्त असते. डेंग्यू नाही असे निश्चित होईपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. लवकर कामावर जाता यावे म्हणून जोराची इंजेक्शने व गोळ्या मागण्याचा मोह मजूर बंधुभगिनींना होतो. तो आवरावा. वृद्ध, नवजात बालके, गरोदर स्त्रिया व जुनाट रोग असलेली माणसे यांची विशेष काळजी घ्यावी.

पहिल्या आठवड्यात रोग्याच्या रक्तात विषाणू असतो व त्या काळात चावलेला डास रोगवाहक बनतो. म्हणून रोग्याने या दिवसांत दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपावे. घरच्यांचे व शेजाऱ्यांचे संरक्षण करण्याचा हा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. एकमेकांस शिवल्याने, एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही. तसेच नावात ‘चिकन’ असा ध्वनी येतो म्हणून कोंबडीशी त्याचा संबंध जोडला जातो, तोही निराधार आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला व त्याच वर्षी चिकुनगुन्याची साथ आली, त्यामुळे या दोन रोगांची गल्लत होणे सोपे आहे. कुक्कुटपालकांनी व त्यांच्या ग्राहकांनी हे नीट समजून घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावात शेतीचे मार्गदर्शन करणारा कार्यकर्ता, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा कार्यकर्ती व शाळेचे शिक्षक यांनी हे काम वाटून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी एकदा व पोळ्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आळीवार घरांची यादी करून कोणत्या घरात किती भांड्यांत अळ्या आढळल्या याची नोंद ठेवावी. अळी घरमालकास प्रत्यक्ष दाखवावी. पांढऱ्या वाटीत पाणी घेतले असता वळवळणारी अळी स्पष्ट दिसते, आणि व्याख्यानापेक्षा त्या दर्शनाचा परिणाम अधिक होतो. शाळकरी मुलांना हे काम आवडते व ती घरी जाऊन वडीलधाऱ्यांना आठवण करून देतात. एका आळीत एकाच आठवड्यात ताप व सांधेदुखीचे दोन-तीन रुग्ण दिसल्यास, मोठ्या साथीची वाट न पाहता आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे.

नोंदवहीत एखाद्या वर्षी रोग्यांचा रकाना कोरा राहील. तेव्हा कोरडा दिवस बंद करण्याची सूचना कोणीतरी हमखास मांडील. १९७३ नंतर आपल्या देशाने अशीच कोरी वर्षे पाहिली आणि २००६ मध्ये त्यांची किंमत मोजली. म्हणून रोग्यांचा रकाना कोरा असला तरी अळ्यांचा रकाना दर आठवड्यास भरावा. कन्हानकाठच्या गावांनी या खरिपापासून ही शिस्त लावून घेतली, तर रोवणीपासून कापूस वेचणीपर्यंत त्यांचे हात कामास मोकळे राहतील.